वरणगावचं झबलं

१

आमच्या माळ्यावर सतरा रिकामी खोकी आहेत. मिक्सरची, टी-सेटची, भिंतीवरच्या घड्याळांची. आळीत कोणी नवी वस्तू घेतली की मी खोकं मागून आणते. आमचे हे म्हणतात, "दिपमाला, लोक वस्तू जमवतात, तू पुठ्ठे जमवतेस." म्हणू देत. त्यांना काय कळतंय.

दर रविवारी सकाळी मी जळगावच्या जुन्या बाजारात जाते. तांब्याचा बंब, पितळी समई, कुणाच्या घरातून उठलेला डिनरसेट, जे नजरेत भरेल ते उचलायचं. घरी आणून चिंच-मिठाने घासायचं, उकळत्या पाण्यात सोडा टाकून बुडवायचं, बेताचं खोकं शोधायचं, वर चकचकीत कागद. झाला आहेर! तीस वर्षांत मी दुकानातून एक आहेर घेतलेला नाही आणि तीस वर्षांत कुणाला पत्ता लागलेला नाही. उलट सगळे म्हणतात, दिपमालाताईंचा आहेर म्हणजे एक नंबर.

जुन्या वस्तूत मागच्या माणसाचं काहीतरी राहतं म्हणतात. कप्पाळ राहतं! धुतलं की गेलं.

दोन गोष्टी मात्र अंगात असाव्या लागतात. एक म्हणजे हात. माझा हात म्हणजे काटा. पितळेचं भांडं उचललं की मी वजन सांगते आणि बाजारातला वना काट्यावर टाकून बघतो, पाच-दहा ग्रॅमचा फरक निघाला तर निघाला. दुसरी गोष्ट म्हणजे तोंड. "कुठून घेतलं?" असं कुणी विचारलंच तर खोटं भरघोस बोलावं. नुसतं "दुकानातून" म्हटलं की माणसाला संशय येतो. "अहो, तिथला तो चष्मेवाला नोकर नाही का, शिंकत शिंकत माल काढतो," असं म्हटलं की विषय संपतो.

२

माझी लेक नूतन साक्रीला दिली. तिचं दोनदा पोटातच गेलं, पाचव्या-सहाव्या महिन्यात. दुसऱ्या वेळी ती आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती आणि मी तिच्या पाठीशी बसून लसूण सोलत होते. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आम्ही कुणी आनंदसुद्धा मोठ्याने केला नाही. माहेरी आणलं, आणि देवाने डोळे उघडले. मुलगा झाला. तीन किलो शंभर. दवाखान्याच्या काट्याआधी माझ्या हाताने सांगितलं होतं.

त्याच दिवशी विहिणीचा, बेबाबाईंचा, फोन आला. बाई साक्रीकडच्या खेड्यातल्या, अहिराणी बोलतात, आणि बोलतात ते शेवटचं.

"याहीनबाई, पोर्‍याले पयलं झबलं नवं घालानं नही. जेना घर बठ्ठा पोरे जगनात, तेना घरथीन मांगी आना. मांगेल पायजे हां. इकत लिधेल नही चालत."

"सगळी लेकरं जगलेल्या घरून मागून आणते की, विकत नाही घेत. त्यात काय!"

"आनि सवा महिना-तीन महिना वापरी परत देवानं. पन रिकामं नही देवानं. भरीसन देवानं."

हे मला ठाऊक होतं. आमच्यातही शेजारणीची वाटी कधी रिकामी परत जात नाही, चिमूटभर साखर तरी घालतोच. झबल्यात मूठभर गहू बांधून देतात.

आता मागायचं कुणाकडे? पाच नातवंडं धडधाकट असलेलं घर आमच्या भिंतीला भिंत लावून आहे, मंजुळाबाईंचं. पण मंजुळाबाईंशी माझं नळाच्या पाण्यावरून चार वर्षं बोलणं बंद. त्यांच्या दारात पदर पसरायचा? मी? माझी जीभ झडली असती.

पाचव्या दिवशी झबलं घालायचं होतं. चौथा दिवस रविवार होता.

३

वनाच्या ढिगात साड्यांच्या खाली ते सापडलं. पांढऱ्या मलमलचं, बंदांचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. कुठे डाग नाही, ठिगळ नाही. मी हरखलेच. वनाने दहा रुपये घेतले आणि नीट पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. लहान लेकराचे कपडे बाजारात येतच नाहीत. ते या घरातून त्या घरात जातात, फाटेपर्यंत जातात, मग त्यांची गोधडी होते. तीस वर्षांत त्या बाजारात मी एक झबलं पाहिलं नव्हतं. पण सापडलं की सापडलं, असा माझा स्वभाव.

सोड्यात उकळलं, उन्हात वाळवलं, इस्त्री केली. दुसऱ्या दिवशी मी कणीक मळत होते आणि नूतनने खाटेवरून विचारलं, "आई, कुणाकडून मागितलंस गं?"

"वरणगावच्या धुरपदाबाईंकडून."

वरणगाव का म्हणाले? तिकडे, भुसावळच्या पलीकडे, आमच्या नात्यातलं कुणी नाही, म्हणून. कोण जातंय विचारायला. आणि एकदा तोंड उघडलं की मी थांबते थोडीच? "फॅक्टरीच्या मागच्या रस्त्याला घर आहे, कडुलिंबाखाली, निळं दार. पाच लेकरं. पाचही एका ओळीत जेवायला बसतात, बघत राहावं. मी मागितलं तर बाई हसत उठल्या, म्हणाल्या, न्या की."

बोलता बोलता मला ती बाई दिसतसुद्धा होती. माझे हात कणकेत होते, म्हणून तिचेही मी कणकेत घातले, अगदी कोपरापर्यंत. तेवढं मात्र मी बोलले नाही. नूतनने झबलं गालाला लावलं आणि रडायला लागली. "पाच लेकरांचं आहे आई, आता माझं राहील ना?" मी म्हटलं, "राहील गं बाई, राहील."

आणि राहिला. पियुष नाव ठेवलं. दूध प्यायला की तीन उचक्या द्यायचा, मोजून तीन, आणि झोपायचा. घरात हसणं परत आलं.

दीड महिन्यात बारशाची सगळी नवी झबली आखूड झाली. हे एक होतं तसंच बसत होतं. जुनं कापड आहे, सैल पडत असेल, असं मी म्हटलं. आणखी एक होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. आंघोळीआधी उघडा उचलला की तो माझ्या हातात सव्वाचार किलो भरायचा. हेच झबलं घालून उचलला की चार. दवाखान्यात लेकराला उघडंच मोजतात, त्यामुळे त्यांच्या कार्डावर सगळं झकास होतं. वय झालं, हात थकला, असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्याच रविवारी वनाकडे पितळी घंगाळ उचललं. दहा ग्रॅमचाही फरक नव्हता.

४

तिसरा महिना लागला त्या रविवारी मी बाजारातून बारा वाजता घरी आले. नूतन दारातच होती, चेहरा फुललेला.

"आई, थोडक्यात चुकामूक झाली! धुरपदाबाई येऊन गेल्या."

माझ्या हातात पिशवी होती. ती मी हळूच खाली ठेवली.

"कोण धुरपदाबाई?"

"अगं, वरणगावच्या! असं काय करतेस? किती साध्या आहेत गं. आत या म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच बसल्या. पाणी नको, चहा नको. पियुषकडे नुसत्या बघत होत्या. म्हणाल्या, 'झबलं लागीन आता मले, बाई. केव्हा देता?' मी म्हटलं, आठ दिवसांत आई आणून देईल."

"तू... तू असं सांगितलंस?"

"मग काय सांगू? त्यांचंच आहे ना ते?" नूतन हसली. "आणि आई, गंमत म्हणजे त्यांच्या हातांना कणीक होती, पार कोपरापर्यंत. वाळून पापुद्रे धरलेले. बिचारी तशीच गाडीत बसून आली वाटतं."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून नुसती उभी राहिले. पाणी वाहत होतं. कणकेचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आमच्या ह्यांनाही नाही. देवाशप्पथ, कुणालाही नाही.

संध्याकाळी उंबऱ्याबाहेर झाडू मारला तेव्हा कणकेचे वाळलेले पापुद्रे निघाले. मुंग्या त्यांना वळसा घालून चालल्या होत्या.

५

मग मला मंजुळाबाई आठवल्या. हिचाच खोडसाळपणा! बाजारात मला कुणी पाहिलं असेल, हिने कुणा बाईला पाठवून माझी फजिती करायचा घाट घातला असेल. राग आला आणि खरं सांगते, जिवाला बरं वाटलं. रागात भीती राहत नाही.

चार वर्षांनी त्यांच्या दारात उभी राहिले. "कोण बाई पाठवली होती हो माझ्याकडे?"

त्या गहू निवडत होत्या. सूप खाली ठेवलं. "मी कशाला पाठवू? ती लेकुरवाळी ना? पाहिली मी. ओळखीची वाटली नाही."

"लेकुरवाळी?"

"चार पोरं होती मागे, लहान-मोठी. ओळीने उभी तुझ्या कुंपणाशी. उघडीच होती गं, अंगात काही नाही. एवढ्या उन्हात! मी हाक मारली, या रे सावलीत, तर एकानेही मान वळवली नाही."

"नूतनला तर दिसली नाहीत."

"कुंपणाआड होती ना, तिच्याकडे पाठ करून." मंजुळाबाईंनी सूप परत मांडीवर घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "दिपे, तुला झबलं हवं होतं म्हणे. बेबाबाई बारशाला आल्या तेव्हा दारात बोलल्या माझ्याजवळ. अगं, भांडण नळाचं होतं. लेकरासाठी मागितलं असतंस तर पाच झबली दिली असती."

माझे डोळे भरून आले. तिथेच सगळं ओकून टाकायला हवं होतं. त्यांच्याकडून एक झबलं मागून घ्यायचं, नूतनला खरं सांगायचं. पण खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझ्या पोराच्या अंगात कुणाचं आहे ते मला माहीत नाही, असं? दोन गेल्यावर मिळालेलं पोर छातीशी धरून बसलेल्या मुलीला? मी "येते" म्हटलं आणि घरी आले.

त्या रात्रीच झबलं त्याच्या अंगातून काढलं. पियुष रडला नाही. फक्त त्याच्या उचक्या थांबल्या.

६

आठव्या दिवशी बेबाबाई आणि जावई, योगेंद्र, नूतनला न्यायला आले. बाईंनी टेकायच्या आधी विचारलं, "झबलं परत दिधं का?"

"देईन हो सावकाश."

"सावकाश नही. पोर्‍या गिरणा नदी वलांडाना आधी उसनं फिटाले पायजे." त्यांनी स्वतः झबल्यात मूठभर गहू घातला, बंद आवळले आणि माझ्या हातात दिलं. माझ्या हाताने आपणहून सांगितलं, पाच-सहा तोळे.

वरणगावला म्हणून निघताना मी पियुषला उचललं. तो नव्या झबल्यात होता. साडेपाच किलो. मला एकदम हलकं वाटलं. म्हटलं, दिपमाला, वेडी आहेस. बसमध्ये बस, वाघूर नदीच्या पुलावरून ते चिरगूट खाली टाक, भुसावळला उतरून चहा पी आणि परत ये. सांग की देऊन आले. एवढी वर्षं खोटं बोललीस, आणखी एक बोल.

दुपारी एकची बस. खिडकीची जागा मिळाली. झबलं कापडी पिशवीत, पिशवी मांडीवर. गावाबाहेर पडलो तोवर मांडीला ऊब लागायला लागली. ऊन होतं, लागणारच. साकेगावच्या अलीकडे पूल आला तशी मी पिशवी एका हाताने उचलायला गेले.

उचलली नाही.

दोन्ही हात लावले. पूल मागे गेला. मी पिशवी तशीच धरून बसले होते आणि माझा हात मला आकडा सांगत होता, निघताना सांगितला तोच. मी मनात म्हटलं, गहू ओलावला असेल. म्हटलं, रात्रभर झोप नाही. म्हटलं, खाली मशीन आहे बसचं. पण माझा हात खोटं बोलत नाही. खोटं मी बोलते.

शेजारची म्हातारी म्हणाली, "ताई, डोकं धरा त्याचं. मान लचकीन."

पिशवीचं तोंड वर होतं. मी आत पाहिलं नाही. नाही पाहिलं. भुसावळ आलं, गेलं. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या आल्या, गेल्या. मी उतरले नाही, कारण उतरून ती पिशवी घेऊन जायचं कुठे? घरी?

७

वरणगावात मी आयुष्यात पाय ठेवलेला नव्हता. कुणाला रस्ता विचारावा लागला नाही. फॅक्टरीच्या मागचा रस्ता, मी सांगितला होता तिथेच होता. कडुलिंब होता. निळं दार होतं आणि उघडं होतं.

आत कोंदट ओल आणि कच्च्या कणकेचा वास. उन्हातून आल्यामुळे आधी काही दिसेना. मग भिंतीकडे तोंड करून बसलेल्या चार उघड्या पाठी दिसल्या, एका ओळीत. पुढ्यात ताटं. ताटं कोरडी. चौघांचेही हात मांडीवर, कुणी हलत नाही. ओळीच्या शेवटी एक पाचवं ताट, लहानसं, वाटीएवढं.

कोपऱ्यातून ती उठली. चेहरा मी सांगू शकत नाही. मी खोटं बोलले तेव्हा तिला चेहरा दिलाच नव्हता. हात तेवढे पांढरे, कोपरापर्यंत.

"आनलं का, बाई?"

मी पिशवी पुढे केली. हे तुमचं नाही, मी विकत घेतलं होतं, मी तुमच्याकडे कधी आलेच नाही, असं म्हणायचं होतं. विकत घेतलेलं होतं तर उसनं कसं? पण मीच जगाला सांगितलं होतं ना, मागून आणलं म्हणून.

तिने पिशवी घेतली. एका हाताने नाही, दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन. पिशवीतून काढलं ते खांद्यावर टाकलं आणि थोपटायला लागली. मी मान खाली घातली होती. मला तिचे पाय दिसत होते आणि तिच्या बोटांची थाप ऐकू येत होती.

"भरूनच आनलं," ती म्हणाली. "बरं झालं. रिकामं आनतेत लोक."

मग उचकी आली. एक. थोडं थांबून दुसरी. मी वळले. तिसरी मी दाराबाहेर ऐकली, चालता चालता. आणि तिच्यापाठोपाठ चार ताटं एकदम जमिनीवर सरकल्याचा आवाज, जागा करून द्यायला सरकवावीत तसा.

मी मागे वळून पाहिलं नाही. थेट स्टँडची वाट धरली. पण हेही सांगते, पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. लाज वाटते सांगायला.

८

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. दारातूनच सगळं ऐकू आलं. बेबाबाई शेवयांचं सांगत होत्या, आमचे हे हसत होते, योगेंद्र पाळणा हलवायला दोरी शोधत होता. पाळण्यात पियुष होता. होता! मी भिंत धरून खाली बसले. नूतन धावत आली.

"आई, काय झालं? ऊन लागलं का?"

"काही नाही गं. तो कसा आहे?"

"गुणी बाळ झालाय! दुपारी दोन-अडीचपासून झोपलाय, हूं नाही की चूं नाही. तू दिलंस ना झबलं?"

"दिलं."

"फिटनं बाई," बेबाबाईंनी कपाळाला हात लावला. "आते पोर्‍या आपला शे."

मी उठले. पाळण्याजवळ गेले. डोळे मिटलेले, गाल गुबगुबीत, नवं झबलं पोटावर तटतटलेलं. सगळं जिथल्या तिथे. मी दोन्ही हात खाली घातले आणि साडेपाच किलोच्या बेताने उचललं. हात एकदम वर आले, माझ्या छातीपर्यंत. दुपट्यातून एक गव्हाचा दाणा निघाला आणि फरशीवर टणकन पडला.

त्याने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. कोरडे होते डोळे.

"आण," म्हणून नूतनने त्याला घेतलं आणि खांद्यावर टाकलं. तिचा खांदा जरासुद्धा खाली गेला नाही. ती त्याच्या पाठीवर थोपटत होती, हसत होती, दोन वर्षांत मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

"सांग ना आई. तुझा काटा काय म्हणतो? किती भरला माझा राजा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा हात सांगत होता, पाच तोळे, फार तर सहा.

"साडेपाच किलो," मी म्हणाले. "चांगला भरलाय. अगदी त्याच्या बापावर गेलाय बघ, नाक तेच, कपाळ तेच."